मणावर चार शेर

करंजमाळ आरोग्यधाम,
दि. ५ जुलै १९३८

जमनाच्या बाबांस द्वारकाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथं सुखरूप पोचले. पुण्याहून मामानं मोटारीत बसवून दिलं. मामा वळणापर्यंत उभा होता, रुमालानं तोंड पुसत होता. तोंड पुसत होता का डोळे, ते दिसलं न्हाई.

खाट धर्मादाय हाय, एक पैसा लागत न्हाई. लांब खोली, बारा खाटा, खिडक्या रात्रंदिवस उघड्या. ढग घरात येतात अन् गोधडी ओली करून जातात. सकाळी दूध अन् एक अंडं. खावंच लागतं, सिस्टर समोर उभी राहते. सासूबाईंना सांगू नका.

डॉक्टरसाहेब परदेशी हायेत. इंग्रज न्हाईत, दुसऱ्या कोणत्या मुलखाचे. मराठी मोडकं बोलतात. छातीला नळी लावतात अन् एवढंच म्हणतात, "खा. झोप. वजन पाहिजे." पंधरवड्याला सोमवारी वजन होतं. काटा त्यांनी त्यांच्या मुलखातून आणलाय. पायाखाली फळी, समोर घड्याळावानी तबकडी. तुमच्या काट्यावर पोती चढतात, इथं आमी चढतो. काल माझं एक्केचाळीस भरलं.

शेजारच्या खाटेवर परभणीची मलिका हाय, शिंप्याची बायको. आपल्याकडचंच बोलते, म्हणून बरं वाटतं. तिनं सांगितलं, वजन लागोपाठ तीनदा उतरलं की खाट गेली. माझ्या आधी या खाटेवर जी होती, तिला तसंच नेलं. गाठोडंबी सोबत दिलं. बाकीच्या बायाबी हेच सांगतात. मलिकाचं दोनदा उतरलंय. ती रात्री उठून बसते.

जमनाला सांगा, आई मामाच्या गावाला गेली. तिचे केस उन्हात विंचरू नका, तिचं डोकं दुखतं.

तुमची,
द्वारका


हिंगोली,
आषाढ वद्य द्वितीया

सौ. द्वारकास संतरामचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं अन् मी मोंढ्यात खालीच बसलो. एक्केचाळीस! मला पौंड तेवढे ठावे. मुंबईहून सुताच्या गठड्या पौंडात येतात, शेराला दोन पौंड धरून आमी तोलतो. म्हणजे तू वीस शेर. घरी आलो, जमनाला मोंढ्यात नेलं अन् हळदीच्या काट्यात बसवलं. ती हसून राहिली होती. एकोणीस शेर भरली. सहा वर्षांचं लेकरू अन् तिची माय एका वजनाची, हे डोक्यात घेऊन मी दोन दिवस हिंडलो. जाताना तू आपल्या पायानं गाडीत चढलीस, वीस शेराचं माणूस तसं चढत न्हाई, एवढंबी मला सुचलं न्हाई.

मग ठेसनावर चाँद पाशाकडं गेलो. तो मालाचा बाबू, त्याला सगळ्या मुलखांची मापं ठावी. त्यानं पत्र पाहिलं. म्हणला, "अरे संतराम, ये पौंड नहीं. इंग्रज नसलेले लोक किलोत तोलतात. एक किलो म्हणजे सव्वादोन पौंडाला जरासा कमी." मग जमिनीवर खडूनं मांडून दाखवलं. आपला ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर किलोपेक्षा थोडा हलका. एक्केचाळीस किलो म्हणजे चव्वेचाळीस शेर. मणावर चार शेर!

मी तिथंच हसलो. चाँद पाशाबी हसला. मग त्यानं विचारलं, "पहले कितनी थी?" मी म्हणलं, दीड मणाच्या वर असंल. त्यानं खडू खाली ठेवला. चहा पाजला.

तू किलोतच लिही. हिशेब मला आता येतो. लोकांस सांगितलं हाय की तू मामाकडं आजारी मामीची सेवा करायला गेलीस. आई बरी हाय. अंड्याचं तिला सांगितलं न्हाई.

तुझा,
संतराम


करंजमाळ,
दि. २ ऑगस्ट १९३८

जमनाच्या बाबांस नमस्कार.

मलिका गेली. तिचं तिसऱ्यांदा उतरलं, त्याच दुपारी दोन माणसं आली अन् तिला खुर्चीत बसवून घेऊन गेली. गाठोडं मांडीवर होतं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी सिस्टरला विचारलं, "कुठं नेलं?" ती म्हणाली, "पलीकडं." पलीकडं मोटारीचा रस्ता हाय.

तुमच्यापासून लपवून काय करू? आधी चाळीस झालं. काल साडेएकोणचाळीस. दोनदा उतरलं. सगळं खाते. ओकारी आली तरी गिळते. संध्याकाळी ताप येतो, तो सगळं घेऊन जातो.

पुढचं वजन पंधरा तारखेला. तेव्हा उतरलं तर मला पाठवतील. घरी यायचं म्हणलं की आधी जीव हरखतो, मग जमना दिसते. आपलं घर एका खोलीचं. ती माझ्याच कुशीत झोपणार, कोण अडवणार? इथं राहिले तर बरी व्हईन असं वाटतं. घरी आले तर मरीन अन् तिलाबी नेईन.

काही सुचत न्हाई. तुमीच सांगा.

द्वारका


हिंगोली,
श्रावण शुद्ध दशमी

सौ. द्वारकास आशीर्वाद.

या पत्रासोबत डबा येईल. वर मेथीचे लाडू हायेत, आईनं केलेत. खाली फडक्यात बांधलेलं हाय ते कुणासमोर सोडू नको.

माझी चार मापं हायेत त्यात. शेर, अर्धा शेर, पावशेर अन् पावशेराचा अर्धा, अदपाव. सगळी मिळून दोन शेराला अदपाव कमी, म्हणजे तिकडचे पावणेदोन किलो. ओच्यात घट्ट बांधायची, लुगड्याच्या आत. एकदम सगळी बांधू नको. या पंधरवड्याला शेर अन् अदपाव, पुढच्याला सगळी. एकदम चढलं तर त्यांस संशय येईल. वाढ हळूहळू दिसली पायजे.

मला ठाव हाय तू काय म्हणशील. वीस वर्षं झाली, मी काट्याला बोट लावलं न्हाई. शेठ लोकांनी सांगून पाहिलं, शेतकऱ्यांनी पाया पडून पाहिलं. पण हा काटा हळदीचा न्हाई. खोट्यानं इथं कुणाचं नुकसान व्हतंय? कुणाचंच न्हाई. दोन-तीन महिने खाट हातात ऱ्हायली की औषध लागू पडंल, मग खरंच वाढंल, मग लोखंड काढून टाकायचं.

चाँद पाशाला हे सांगितलं न्हाई. हिशेब मी एकट्यानं केला, तीनदा ताळा घेतला.

संतराम


करंजमाळ,
दि. १३ सप्टेंबर १९३८

जमनाच्या बाबांस नमस्कार.

इतके दिवस लिहिलं न्हाई, कारण मला तुमचा राग आला व्हता. डबा उघडला अन् वाटलं, माझ्या माणसाला मी कुठं आणून ठेवलं! ते लोखंड उशीखाली घालून चार दिवस झोपले. बांधायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. पंधरा तारखेला सकाळी दुसऱ्या अंगाच्या खाटेवरची बाई खुर्चीतून गेली, अन् माझे हात आपोआप ओच्याकडं गेले.

चाळीस भरलं. सिस्टर म्हणाली, "शाबास द्वारका!" मला रडू आलं, तिला वाटलं आनंदाचं. मग साडेचाळीस. काल दोन तांबे पाणीबी प्याले, एक्केचाळीस झालं. आले तेव्हा व्हतं तेवढंच! डॉक्टरसाहेबांनी कागदावरची रेघ मला दाखवली. खाली गेलेली, मग वर आलेली. ते इतके खूश झाले की मला लाजच वाटली.

आता खरी आनंदाची गोष्ट ऐका. मलिका जिती हाय! तिला घरी पाठवलंच नव्हतं. पलीकडं झाडीत दुसरी बराक हाय, तिथं नेलं व्हतं. काल आपल्या पायानं चालत मला भेटायला आली. गाल भरलेत. तिथं छातीत लांब सुई घालून हवा भरतात, म्हणजे कुजकं फुप्फुस मिटून गप पडतं अन् त्याला आराम मिळतो. दर आठवड्याला सुई. तिचा ताप गेलाय, थुंकीतलं रगत गेलंय. म्हणाली, "पयली सुई दुखते गं, मग कुछ नहीं."

मी डॉक्टरसाहेबांस विचारलं, मला बी देता का? ते हसले. म्हणाले, "तुला नको. तू चढते. सुईला धोका आहे. खाली जाते, तिला सुई." म्हणजे माझं दुखणं तेवढं वाईट न्हाई, असंच ना? रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

खोकला तेवढा वाढलाय. पावसाळी हवा, दुसरं काय!

जमनाला पाटी घेतली का?

तुमची,
द्वारका


हिंगोली,
भाद्रपद वद्य दशमी

सौ. द्वारकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोंढ्यातच वाचलं अन् हमालांना गूळ वाटला. कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणलं मामी बरी झाली. "तुला नको" असं खुद्द डॉक्टर म्हणला, त्याच्यापेक्षा मोठं काय पायजे? मलिकाबाईचंबी भलं झालं. तिला माझा सलाम सांग.

जमनाला पाटी आणली. तिनं पयलं अक्षर उलटं काढलं. आई म्हणते दिवाळीला येशील. मी न्हाई म्हणलं न्हाई.

पावसानं उघडीप दिली हाय. हळद चांगली हाय यंदा. काल सोनाजी पाटलाचा माल तोलताना एकाच्या जागी "लाभ" म्हणून मोजणीचं पयलं धडं काट्यात टाकलं अन् तुझी तबकडी डोळ्यांसमोर आली. वर चाललेली रेघ.

तुझा,
संतराम


हिंगोली,
आश्विन शुद्ध एकादशी

द्वारका,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहून राहिलो. हे पत्र हातात पडल्या पडल्या डॉक्टरकडं जा. सकाळ असो, रात्र असो.

काल दसऱ्याचं सोनं द्यायला चाँद पाशाकडं गेलो. तुझं पत्र वाचून दाखवलं, सुईचं, मलिकाबाईचं, सगळं. त्यानं परत वाचायला लावलं. मग विचारलं, "मलिका को वहाँ काहे को ले गए?"

मी म्हणलं, तिचं वजन तीनदा उतरलं म्हणून.

"मतलब गिरता है उसको सुई मिलती है."

मी म्हणलं, व्हय.

"और द्वारकाबाई का बढ़ गया. अल्ला का शुकर." असं म्हणून तो सोन्याची पानं नीट करू लागला. त्याला काय ठाव त्या डब्यात काय व्हतं! मी पत्र मुठीत चुरगाळलं. त्यानं विचारलं, "काय झालं?" मी तसाच उठून आलो.

द्वारका, खाट कुणाची जातच नव्हती. उतरलेल्या बायांस पलीकडं सुईला नेत व्हते. तुझं तिसऱ्यांदा उतरलेलं डॉक्टरला दिसलंच न्हाई. तो तुला तोलत नव्हता, माझं लोखंड तोलत व्हता. ती वर गेलेली रेघ माझी हाय.

ते काढ. सगळं सांग. मी केलं म्हणून सांग, नवऱ्यानं करायला लावलं म्हणून सांग. पाय धर, पण सुई घे. दोनच महिने गेलेत, दोन महिन्यांत काय व्हतंय!

संतराम


करंजमाळ,
दि. २० ऑक्टोबर १९३८

जमनाच्या बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र नऊ तारखेला मिळालं. दुसऱ्या दिवशी सोमवारच व्हता. काही न बांधता फळीवर उभी राहिले. साडेसदतीस. सिस्टरला वाटलं काटा बिघडला. तिनं मला उतरवलं, स्वतः चढून पाहिलं, परत मला चढवलं. तुमी मांडून बघालच, पण मीच मांडलं. मणभर. वरचे चार शेर गेले.

मी पेटीतून चारी मापं काढली अन् डॉक्टरसाहेबांसमोर खाटेवर ठेवली. त्यांनी एकेक उचलून पाहिलं.

"कुणी पाठवलं?"

मी म्हणलं, "कुणी न्हाई. येताना मीच आणलं."

"काहून?" हो, काहूनच म्हणाले. आमच्या बायांकडून शिकलेत. मी सांगितलं, तीनदा उतरलं की घरी पाठवता म्हणून. त्यांना पयल्यांदा कळलंच न्हाई. सिस्टरनं समजावून सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला अन् चारी मापं एका रांगेत लावली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही."

त्याच आठवड्यात मला पलीकडं नेलं. सुई दोनदा घालून पाहिली. हवा जात न्हाई. फुप्फुस आतून बरगड्यांना चिकटलंय, सुटत न्हाई. मी विचारलं, "श्रावणात घातली असती तर?" ते सिस्टरकडं बघू लागले. मी परत विचारलं. म्हणाले, "बहुतेक गेली असती."

बहुतेक म्हणाले. नक्की असं म्हणाले न्हाईत. तुमी हे ध्यानात ठेवा. रात्री झोप येत न्हाई तेव्हा मी तेच म्हणते.

तो तीनदाचा नियम कुणी काढला कुणास ठाऊक. सगळ्याच सांगत व्हत्या. माझ्या शेजारच्या खाटेवर आलेल्या नव्या पोरीला मीबी सांगितला व्हता. काल तिला निरोप पाठवून सांगितलं की ते खोटं हाय. तिला खरं वाटलं का न्हाई, ठाव न्हाई.

आता इथं माझ्याजोगं काही उरलं न्हाई. डॉक्टरसाहेब म्हणाले, पाहिजे तर रहा. पण खाटेची वाट बघणाऱ्या बाया पायऱ्यांवर बसलेल्या असतात, येता-जाता दिसतात. मला न्यायला या. घरात नको. जमना जिथं झोपते तिथं मुळीच नको. रानात कुठं खोप घालता आली तर बघा.

तुमी स्वतःला काही करून घेऊ नका. जमनाला मायबाप दोन्ही न्हाईत, असं व्हायला नको. अन् तुमी पाठवलंत म्हणून मी बांधलं न्हाई. मला बांधायचं व्हतं म्हणून बांधलं.

द्वारका


हिंगोली,
आश्विन अमावास्या

सौ. द्वारकास,

निघून राहिलो. पूर्णा, मनमाड, पुणे, असं तीन दिवसांत पोचीन. सोनाजी पाटलानं मळ्यात खोपीला जागा दिली, विहिरीजवळ, लिंबाखाली. काही विचारलं न्हाई त्यानं. चाँद पाशानं कुड विणायला माणूस दिला.

मोंढ्यात लोक म्हणतात, संतरामचा काटा म्हणजे देवाचा काटा. मी ऐकून घेतो.

येतो.

संतराम


हिंगोली,
पौष शुद्ध पंचमी

सौ. मलिकाबाईस संतराम मापाड्याचा सलाम.

तुमचं उर्दू पत्र चाँद पाशानं वाचून दाखवलं. तुमी पुढच्या महिन्यात परभणीला घरी जाणार, वाचून बरं वाटलं. मी मराठीत लिहितो, सिस्टर वाचून दाखवतील.

द्वारका मार्गशीर्षात गेली. तुमी विचारलं म्हणून सगळं लिहितो. इथं मला कुणी विचारत न्हाई. लोकांस अजून मामीच्या आजाराचंच ठाव हाय. ते मला म्हणतात, सेवा करता करता बिचारीला लागण झाली.

गाडीत ती खिडकीपाशी निजून आली. पूर्णेला गाडी बदलायची व्हती. हमाल म्हणला, दोघं मिळून उचलू. मी म्हणलं, नको. मी एकट्यानं उचललं अन् फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. वीस वर्षं मी वजनं उचलतो, बाई. हातांस आपोआप कळतं. तिलाबी कळलं की मला कळलं. म्हणाली, "आकडा सांगू नका." मी सांगितला न्हाई.

खोपीत ती महिनाभर व्हती. ऊन चांगलं यायचं. तुमची आठवण काढायची. तुमच्या पयल्या सुईची गोष्ट हसून सांगायची. सोनाजी पाटलाची मंजुळाबाई लांबून ताक ठेवून जायची. आई आली न्हाई. ती जमनाला सांभाळत व्हती, तिचा दोष न्हाई.

जमनाला आमी सांगितलं व्हतं की आई मामाच्या गावालाच हाय. पण लेकराला कुणीतरी बोललं. आजीचा डोळा चुकवून ती मळ्यात आली अन् कुडाच्या फटीतून आत बघत उभी ऱ्हायली. द्वारका ओरडली, "जा! जा म्हणते ना!" अन् खोकत खाली पडली. पोरगं रडत पळालं. दुसऱ्या दिवशी परत आलं. ती रोजच येऊ लागली. द्वारका आधी खडा उचलून मारायची, लागणार न्हाई असा. मग हात उचलायचं बळ ऱ्हायलं न्हाई. जमना हळूहळू आत यायची, पायाशी बसायची, पाटीवर काढलेलं दाखवायची. मी दारात उभा असायचो. मी हाकलायला पायजे व्हतं. एकदोनदा हाकललं. मग द्वारका माझ्याकडं बघायची, अन् मी विहिरीवर पाणी आणायला जायचो. लांबच्या वाटेनं, सावकाश.

शेवटच्या दिवशी जमना तिच्या कुशीत निजली व्हती. दोघींस झोप लागली व्हती. मी उठवलं न्हाई.

आता लिहायचं ते हे. जमनाला खोकला हाय. आई म्हणते थंडीचा हाय, गूळ-सुंठ देऊन राहिली. असंलबी थंडीचा. पण संध्याकाळी अंग तापतं, अन् ताटातलं तसंच ऱ्हातं.

डॉक्टरसाहेबांस विचारा, तिथं सहा वर्षांच्या लेकराला खाट मिळते का? लहानांस सुई देतात का? माझं नाव सांगितलं तर ते काय म्हणतील ठाव न्हाई. तरी विचारा. सोबत कोण येणार म्हणतील, तर मी येईन, पायऱ्यांवर बसून राहीन.

तुमी घरी जायच्या आधी लिहा.

संतराम